आबांनी आणलेलं खत

आबा खत घेऊन आले ते ट्रॉलीत, खताच्या ढिगावरच बसून. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन गुडघ्यांच्या मध्ये घमेलं धरलेलं, पाय घोट्यापर्यंत शेणात रुतलेले, आणि चेहऱ्यावर तेज असं की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा कुठलं तरी राज्य जिंकून आलाय.

"कुठं उतरवू, ते बोल," त्यांनी वरूनच आवाज दिला. "पाच ट्रॉल्या आहेत. एक पै दिलेली नाही."

धाकटी बांधावर उभी होती. ती त्यांची धाकटी सून. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. खालचं दोन एकरांचं शेत गेली दोन वर्षं तिच्याच हातात होतं.

"फुकट कुणी दिलं आबा?"

"फुकट कशाला देईल कोण! अकरा दिवस गोठा साफ केलाय मी. चाळीस म्हशी. मालक म्हणाला, पैसे घे. मी म्हटलं, पैसे नकोत, शेण दे. माझ्या सुनेला लागतं."

अकरा दिवस म्हातारा सकाळीच उठून कुठं जातो, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. कंबर धरून परत यायचा, न बोलता जेवायचा, आडवा व्हायचा. थोरल्या जाऊबाई म्हणायच्या, पारावर पत्ते कुटून दमलेत. आज कळलं.

धाकटी ट्रॉलीकडं बघतच राहिली. कारण खालच्या शेतावरून सगळ्यात जास्त टोचून बोलले होते ते आबाच. तिनं पहिल्या वर्षी नांगर बंद ठेवला, तेव्हा म्हणाले होते, "शेत आहे का अंथरूण? पांघरुणं घालत बसलीय." ती पालापाचोळा गोळा करून सरीवर पसरायची, ताग पेरून फुलाच्या आधीच कापून तिथंच आडवा करायची, शेणाचं आंबवलेलं पाणी बादलीनं मुळाशी ओतायची. लोक हसायचे. गावानं तिचं नाव गांडूळबाई ठेवलं. पहिल्या वर्षी माल आला तो टोपलीभर. घरात थोरले भाऊजी आणि आबा समोरासमोर बसले, आणि ठरलं ते असं: तीन वर्षं. तिसऱ्या वर्षी खालच्या शेतानं भाऊजींच्या वरच्या शेताएवढे पैसे दिले, तर ते शेत तिच्या पद्धतीनं, तिच्या हातात. नाही दिले, तर थोरला म्हणेल तसं.

हे तिसरं वर्ष होतं.

पण दुसऱ्या वर्षीच माती बदलली होती. आधी पाणी दिलं की शेतावर पांढरी साय यायची, वाळली की कौलासारखी तडकायची, कुदळ मारली की खणकन आवाज. आता बोटं नुसती दाबली तरी मनगटापर्यंत आत जात. मूठ उचलली की माती भाजलेल्या रव्यासारखी मोकळी, आणि वास असा, जसा कोंदट घराची खिडकी उघडल्यावर बाहेरून येतो. पाणी निम्म्यावर आलं. फवारणीचा खर्च उरलाच नाही. गावच्या बाजारातली भाजीवाली तिचे टोमॅटो वेगळ्या पाटीत मांडायला लागली. एक दिवस आबांनी कुणी बघत नाही असं पाहून शेतातली मूठभर माती उचलली, हुंगली, आणि परत ठेवताना ती जागा हातानं नीट थापटली. धाकटीनं लांबून पाहिलं होतं. त्याच माणसानं आज अकरा दिवसांची कंबर मोडून खत आणलं होतं.

तिनं ढिगात कोपरापर्यंत हात घातला. कुजलेलं, काळंभोर, ऊब संपलेली. चांगलं होतं.

ती वळली आणि सवयीनं बांधाच्या कडेला रचलेल्या तीन कुंड्या उचलायला गेली. बाहेरचं कुठलंही खत आलं की आधी कुंडीत घालायचं, त्यात घेवड्याचं बी टाकायचं, तिसरं पान येईपर्यंत थांबायचं, आणि मगच शेतात. हे तिचं ठरलेलं. स्वतःच्या ढिगालाही तिनं ही परीक्षा चुकवली नव्हती.

आबांनी कुंड्या पाहिल्या. चेहऱ्यावरचं तेज दिवा मालवावा तसं गेलं.

"माझ्या खताचीही परीक्षा घेणार?"

"तसं नाही आबा, सवय आहे आपली..."

"असू दे, असू दे. घे. अडाण्यानं आणलंय ना." आणि ते ट्रॉलीतून उतरून, घमेलं खाली ठेवून, एक हात कमरेवर देऊन, हळूहळू घराकडं चालायला लागले.

पंधरा दिवस थांबायचं म्हणजे लागणही पंधरा दिवस पुढं जाणार होती. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण ती पाठ होती, घराकडं चाललेली, वाकलेली. धाकटीनं कुंड्या खाली ठेवल्या.

"आबा, या की परत," तिनं हाक मारली. "पसरायचं कसं, ते कोण सांगणार मला?"

ते थांबले. मागं न बघताच म्हणाले, "सरीत घाल. वरवर नको."

चार दिवस दोघांनी मिळून खत ओढलं. टोपली, घमेलं, फावडं. आबा सरीच्या टोकाला बसून हातानं ढेकळं फोडायचे. शेवटच्या दोन सऱ्यांना खत पुरलं नाही. तिथं तिनं घरचं, परसातल्या ढिगाचं टाकलं. मग रोपं लावली. मातीत खड्डा, खड्ड्यात रोप, रोपाभोवती दोन्ही अंगठे. गुणगुणायची तिला सवय होती, आणि शब्द तिचे तीच जुळवायची:

रोप लावते सरीला, ओल लागू दे मुळाला,
कुणाची नजर नको गं माझ्या हिरव्या बाळाला.

आबा म्हणाले, "दुसरी ओळ म्हणू नको. मुद्दाम आठवण करून दिल्यासारखं होतं."

ती हसली होती.

*

पंचविसाव्या दिवशी पानं वळली.

आधी शेंड्याची. खालची पानं रुंद, हिरवी, जशी असावीत तशी. वरचं कोवळं पान मात्र कडेनं आत दुमडलेलं, ओंजळ केल्यासारखं. दोन दिवसांनी त्याच्या वरचं पान आलं ते पान नव्हतंच. नुसती वळलेली वात. त्याच्या वरचं त्याहून बारीक. झाडं वाळत नव्हती, पिवळी पडत नव्हती, त्यांना भोक नव्हतं, डाग नव्हता, कीड नव्हती. ती फक्त स्वतःला पिळत होती.

औषधांच्या दुकानदारानं काऊंटरवर ठेवलेला शेंडा पेनानं उलटा केला.

"व्हायरस आहे. उपटून जाळून टाका."

"सगळीच झाडं एकदम? एकाच दिवशी?"

"बाई, तुम्ही फवारत नाही काही. रोग काय आमंत्रणाची वाट बघतो?" दुकानात बसलेले दोघेजण हसले. एकानं विचारलं, "गांडुळांना विचारलं नाही का?"

ती शेंडा कागदात गुंडाळून परत आली.

वाटेत थोरले भाऊजी भेटले. मोटरसायकल थांबवून, एक पाय जमिनीला टेकवून, त्यांनी खालच्या शेताकडं पाहिलं. वाईट माणूस नव्हता. नुसता घाईचा होता. सगळं आज पेरून उद्या उगवावं असं वाटणारा.

"गेलं ना?"

"बघते अजून."

"काय बघतेस? पुढच्या महिन्यात ट्रॅक्टर सांगतो. उपटून टाकू, तिथं माझी मिरची वाढवू. आबांसमोर ठरलंय, नंतर रडायचं नाही."

"वर्ष संपलेलं नाही भाऊजी."

"झाडांना सांग ते."

घरी जाऊबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नको. त्यांचंही सध्या काही धड नाही. रोज वरच्या शेतातून येतात आणि भिंतीकडं बघत बसतात."

 आबा रोज सकाळी शेतात जायचे, झाडापाशी उकिडवे बसायचे, वळलेलं पान दोन बोटांनी उलगडायचा प्रयत्न करायचे. बोटं सोडली की पान पुन्हा वळायचं.

"रोपवाल्यानं फसवलं आपल्याला," ते म्हणायचे. "रोपंच खराब."

धाकटी मान हलवायची.

एका दुपारी ती सऱ्यांतून फिरत शेवटापर्यंत गेली आणि थबकली. शेवटच्या दोन सऱ्यांतली झाडं सरळ होती. ताठ, पसरलेली, शेंड्यापर्यंत पान न् पान उघडं, फुलं लागलेली. त्यांच्या अलीकडची सरी, हातभर अंतरावर, पिळलेली. रोपं तीच. पाणी तेच. ऊन तेच.

ती खाली बसली. मग अलीकडच्या सरीतलं तण तिनं पहिल्यांदा नीट पाहिलं. गवत होतं, हिरवंगार, तरारलेलं. आणि रुंद पानांचं एकही तण धड नव्हतं. माठ, घोळ, सगळ्यांचे शेंडे वळलेले. माती उकरली. गांडुळं होती. भरपूर, जाडजूड, आपल्या कामात. त्यांना काही झालेलं नव्हतं. मातीत काहीतरी बसलं होतं, आणि कोणाला धरायचं नि कोणाला सोडायचं ते त्याला कळत होतं.

लांब बांधावर आबा बसले होते, डोक्याला फडकं बांधून, तिच्याकडं बघत. तिनं हात हलवला. त्यांनीही हलवला.

त्या दिवशी तिनं सहा कुंड्या भरल्या. तीन कुंड्यांत आबांनी आणलेल्या खताचा, ढिगाच्या जागी खरवडून मिळालेला चुरा, तीन कुंड्यांत घरचं. प्रत्येकीत घेवडाही लावला आणि मकाही. कुंड्या तिनं न्हाणीच्या मागं ठेवल्या, म्हाताऱ्याच्या वाटेत नकोत म्हणून. बाराव्या दिवशी घरच्या खतातला घेवडा हाताच्या तळव्यासारखा उघडला. दुसऱ्या तीन कुंड्यांत घेवडा मूठ मिटून उभा होता, आणि त्याच्याच शेजारी मका, सरळ, निर्धास्त. दोष रोपात नव्हता, शेणात होता; आणि शेणात येतं ते म्हशीनं खाल्लेलंच.

*

गोठ्याचा मालक खाटेवर बसून कानात काडी घालत होता. चाळीस म्हशी रवंथ करत होत्या. पलीकडं शेणाचा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी पोती घेऊन आलेली माणसं. कुणाला परसात घालायचं होतं, कुणाला रोपवाटिकेला.

"तुमचा म्हातारा कामाचा आहे हो," मालक म्हणाला. "आमच्या पोरांनी आठ महिने न काढलेलं कोपऱ्यातलं त्यानं खरवडून काढलं. बसा."

"दादा, गेल्या वर्षी म्हशींना गवत कुठलं घातलं होतं?"

"का? म्हशी ठणठणीत आहेत. दूध वाढलंय उलट."

"म्हशींचं नाही विचारत. गवताचं विचारते."

त्यानं काडी काढली, तिच्याकडं बघितलं आणि हसला. "मला विचारायला दोन कोस चालत आलात? तुमच्याच घरचं की. वरच्या माळाचं. तुमच्या थोरल्यानं दिलेलं. कसलं सुरेख गवत, एक काटा नाही, एक तणाचं रोप नाही. वर्षभर तेच खाल्लंय यांनी. यंदाचंही बोलून ठेवलंय. बुधवारी ट्रॉली पाठवतोय."

म्हशींनी एकदम कान हलवले. माशांमुळे असेल. धाकटी उठली.

"दादा, हे शेण कुणाला देऊ नका काही दिवस."

"हे बघा," मालकाचा आवाज थंड झाला, "तुमचं शेत बसलं ते ऐकलंय मी. वाईट वाटलं. पण त्याचं खापर माझ्या गोठ्यावर फोडू नका. आणि म्हाताऱ्यानं स्वतः मागून नेलंय. मी द्यायला आलो नव्हतो."

पोती भरणाऱ्यांपैकी दोघी तिच्याकडं वळून बघत होत्या. मग पुन्हा वाकल्या आणि भरायला लागल्या.

*

बुधवारी सकाळी थोरले भाऊजी आरडाओरडा करतच घरात आले.

"चल वर! चल, दाखवतो! तुझ्या टोमॅटोचा रोग माझ्या मिरचीत आलाय. आधीच म्हणत होतो, जाळ, जाळ. आता मीही बुडालो!"

ती त्यांच्या मागोमाग वरच्या शेतात गेली. जाऊबाई आल्या, आणि काठी टेकत आबाही. सकाळ असूनही हवा हलत नव्हती. मिरचीच्या ओळी लांबच लांब, आणि माथ्यावर प्रत्येक झाडाचा शेंडा तसाच वळलेला. धाकटीला कोणी दाखवायची गरज नव्हती. ती खाली बसली, बुंध्याची माती बोटानं बाजूला सारली. काळाभोर चुरा वर आला.

"भाऊजी, इथं खत कुठलं घातलंय?"

"पोत्यातलं. नेहमीचंच."

"हे पोत्यातलं नाही."

भाऊजी दुसरीकडं बघायला लागले. जाऊबाईंनी एक सुस्कारा सोडला.

"आता बोला ना. का मी बोलू?" मग त्याच बोलल्या. "आबांच्या पाच ट्रॉल्या उतरल्या, त्याच आठवड्यात यांनी दोन विकत आणल्या. त्याच गोठ्यातून. मला म्हणाले, खाली कळू देऊ नको. तुझी माती बघून आले की झोपायचे नाहीत गं. म्हणायचे, तिच्या शेतात पाय रुततो आणि माझ्या शेतात आपटतो."

गांडूळबाई म्हणणाऱ्यांतल्या भाऊजींचे कान लाल झाले होते. धाकटीला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"माळावरच्या गवतावर काय मारलं होतं तुम्ही?"

"तणाचं औषध. रुंद पानांचं तण मरतं, गवताला काही होत नाही. जनावरांनाही होत नाही, हे दुकानदारानं शपथेवर सांगितलंय मला. लिहिलंय त्याच्यावर."

"कॅन आहे?"

कॅन शेडमध्ये होता. त्याच्या पाठीला कागदाची घडी चिकटवलेली, पुस्तिकेसारखी, कोपऱ्यानं उघडायची. ती कधी कुणी उघडलेलीच नव्हती. धाकटीनं नखानं सोडवली. अक्षरं मुंगीएवढी. ती उजेडाकडं धरून सावकाश वाचत गेली, आणि नवव्या ओळीवर तिचा आवाज खाली आला.

"फवारलेलं गवत खाल्लेल्या जनावरांचं शेण भाजीपाला, कडधान्यं किंवा फुलझाडांच्या जमिनीत वापरू नये. कुजल्यावरही अंश राहतो."

 मग मागून काठी पडल्याचा आवाज आला.

आबा तिथंच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आपल्या दोन्ही तळव्यांकडं बघत होते. भेगांमध्ये अजून गोठ्याचा काळेपणा होता, धुऊन न जाणारा.

"मीच घातलं," ते म्हणाले. "माझ्या हातानं ढेकळं फोडून घातलं. तू कुंड्या काढल्या होत्यास."

"आबा, मी ठेवल्या ना खाली. मी ठेवल्या."

"जातं का ते? कधी?"

"माती खाते म्हणतात हळूहळू. जिवंत असली तर. ओल ठेवायची, हलवायची, मका पेरायचा. एक वर्ष, दोन वर्षं. मला खरंच माहीत नाही."

आबांनी काठी उचलली नाही. ते थोरल्याकडं वळले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज बापाचा निघाला.

"खालच्या शेतात ट्रॅक्टर जाणार नाही. ते तिचं. दोन वर्षं लागू देत नाहीतर चार. ठरलं होतं ते मी ठरवलं होतं, मीच मोडतो."

भाऊजींनी मान हलवली. त्यातला अर्धा माणूस हरलेला होता, आणि अर्धा हिशेब करत होता. तेवढ्यात माळाच्या फाटकाशी ट्रॉलीचा हॉर्न वाजला. दोनदा.

यंदाचं गवत कापून, वाळवून, पेंढ्या बांधून तयार होतं. सोन्यासारखं, एक काटा नसलेलं.

"यंदाही मारलंय?" धाकटीनं विचारलं.

भाऊजींनी पेंढ्यांकडं पाठ केली.

"नाही म्हणून सांग त्याला," आबा म्हणाले.

"आणि खायचं काय? मिरची गेली, टोमॅटो गेला. गवतही जाळू? शब्द दिलाय मी, निम्मे पैसे घेऊन खर्च केलेत. म्हशींना काही होत नाही ना? नाही ना होत? मग?"

"शेण कुठं जातं, बघितलंय मी," धाकटी म्हणाली.

"जगाची काळजी तू कर." ते चालायला लागले होते. दहा पावलांवर थांबले, पण वळले नाहीत. "गोठ्यावर जाऊन सांगायचं तर सांग. ऐकणार कोण तुझं? शेत कुणाचं वळलंय, अख्ख्या गावाला माहीत आहे."

फाटक उघडलं. ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "भरू?"

"भर."

भरायला तासही लागला नाही. भाऊजींनी एकाही पेंढीला हात लावला नाही. नुसते फाटकाला धरून उभे राहिले, आणि ट्रॉली निघाली तेव्हा फाटक लावायचं विसरले.

धाकटी ट्रॉलीमागून चालायला लागली. थोड्या वेळानं तिच्या मागं फरफटती पावलं ऐकू आली.

"तुम्ही कशाला आबा? दोन कोस आहेत."

"अकरा दिवस शेण काढलंय त्याचं. माझं ऐकेल."

तिला नाही म्हणवेना. ट्रॉली पुढं गेली, लहान लहान होत गेली, आणि वळणाआड दिसेनाशी झाली. वर आलेली धूळ खाली बसेना. आबांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिनं त्यांचा दंड धरला. रस्त्यावर जागोजागी गवताच्या काड्या सांडल्या होत्या. आधी ती वाकून उचलत गेली. मूठ भरली, काख भरली. मग पुढं बघितलं तर रस्ता संपेपर्यंत काड्याच होत्या.

वळणावर एक घर होतं. दारावर दोडक्याचा वेल चढवलेला, पिवळी फुलं उजेडात भिजलेली. दारातल्या बाईनं आपली शेळी सोडली होती, आणि शेळी रस्त्यावरच्या पेंढीला लागली होती. तिच्या मागं पडलेल्या लेंड्या बाई खराट्यानं गोळा करून वेलाच्या बुंध्याशी सारत होती, रोज सारावं तसं, निवांत.

आबा थांबले. दम खात, हात वर करून म्हणाले, "बाई, ते खाऊ देऊ नका तिला."

बाईनं खराटा थांबवला. शेणानं काळ्या पडलेल्या हातांच्या म्हाताऱ्याकडं, काखेत गवत धरलेल्या सुनेकडं, आळीपाळीनं बघितलं, आणि तिला हसू आलं.

"का हो आजोबा? गवतच तर आहे."